बांगडा आपल्या जवळचा, मोरी लांबची

रविवारी बाजारातून दोन पिशव्या आणल्या, एकीत चार बांगडे आणि दुसरीत हातभर लांब मोरी. मुंबईकडे जिला मुशी म्हणतात तीच ही, शार्कच, पण आपल्या किनाऱ्यावरची छोटी. भाची ओट्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, दोन्ही मासेच ना? मग बांगड्याला काटे आणि हिला का नाहीत?" मी मीठ शोधता शोधता सहज बोलून गेलो की अगं तो बांगडा मोरीपेक्षा तुझा जास्त जवळचा नातेवाईक आहे. तिने "काहीही!" म्हणून तोंड वाकडं केलं, आणि खरं सांगायचं तर मलाही कॉलेजात पहिल्यांदा हे ऐकल्यावर असंच वाटलेलं. म्हणून जरा नीट लिहितो.

गोंधळ 'मासा' या शब्दात आहे. पाण्यात राहतो, कल्ल्यांनी श्वास घेतो, पर आहेत, शेपटी आहे, म्हणजे मासा, इतकं आपल्याला बाजारापुरतं चालतं. पण नातं बघायचं असेल तर पूर्वज कधी वेगळे झाले ते बघावं लागतं. साधारण ४० कोटी वर्षांच्याही आधी समुद्रात जबडेवाल्या प्राण्यांचं एक घराणं होतं, त्याच्या दोन शाखा झाल्या. एका शाखेतून शार्क, पाकट, वागळी हे सगळे कूर्चेचे मासे आले. दुसरी शाखा हाडांची, तिच्यातून बांगडा, सुरमई, पापलेट, रोहू, कटला आले आणि त्याच शाखेची एक फांदी पुढे जमिनीवर चढली, तिच्यातून बेडूक, पाली, कोंबड्या, गाई आणि आपण. म्हणजे मोरीचं घराणं आधी वेगळं झालं, बांगडा आणि आपण त्यानंतरही काही काळ एकाच घरात होतो. चुलत भाऊ आणि चुलत-चुलत भाऊ असतो ना, तसंच. दिसायला चुलत-चुलत भाऊ एकमेकांसारखे असतील, पण वंशावळ तोंडावर लिहिलेली नसते.

आता सुरी घ्या हातात.

बांगड्याच्या मधून सुरी घातली की मणक्याला लागून कर्रर्र असा आवाज येतो, ते हाड आहे. मोरीचं मधलं दांडकं मात्र सुरीने सहज कापलं जातं, आपल्या कानाच्या पाळीच्या वरचा किंवा नाकाच्या टोकाचा जो लवचिक भाग असतो त्याच मालाचं ते असतं, त्याला कूर्चा म्हणतात. मोरीच्या अख्ख्या सांगाड्यात आपल्यासारखं हाड नाही, ताकद लागेल तिथे कूर्चेवर क्षाराचा थर चढलेला असतो एवढंच. म्हणून मोरीचं मटण, म्हणजे मटणासारखी केलेली मोरी, लहान पोरांना बिनधास्त देतात, घशात काटा अडकायची भीती नाही. बरं, कूर्चा म्हणजे जुनाट, मागासलेली गोष्ट असंही समजू नका. पूर्वी पुस्तकात तसंच शिकवायचे, पण मंगोलियात सापडलेल्या साधारण ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या एका माशाच्या डोक्याच्या अवशेषात हाड असल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, आणि तो मासा या दोन शाखा फुटायच्या आधीच्या गोतावळ्यातला आहे. म्हणजे शार्कच्या पूर्वजांकडे हाड होतं आणि त्यांनी ते सोडून दिलं असण्याची बरीच शक्यता आहे. कूर्चा हलकी असते, तरंगायला बरी पडते.

तरंगण्यावरून आठवलं. हाडवाल्या बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, घोळ माशाचं जे 'भोत' लाखांत गेल्याच्या बातम्या येतात ना, ते म्हणजे हीच पिशवी. आपली फुप्फुसं आणि माशांची ही पिशवी मुळात एकाच अवयवाची दोन रूपं आहेत, हे नात्याच्या हिशेबात लक्षात ठेवा. मोरीकडे असली पिशवी नसतेच. तिच्या पोटात त्याऐवजी भलंमोठं यकृत असतं, तेलाने भरलेलं, तेल पाण्यापेक्षा हलकं म्हणून तेवढीच मदत. शिवाय छातीचे पर विमानाच्या पंखांसारखे आडवे पसरलेले, पोहत राहिली की वर उचलली जाते, थांबली की खाली.

मोरीच्या अंगावरून हात फिरवायचा असेल तर डोक्याकडून शेपटीकडे फिरवा, गुळगुळीत लागेल. उलटा फिरवलात तर पॉलिश पेपर. तिचे खवले म्हणजे खरंतर बारीक बारीक दातच आहेत, आत दातासारखाच पदार्थ आणि वर चकाकणारं कवच, सगळ्यांची टोकं मागे वळलेली. म्हणून ती सोलताना आमच्याकडे आधी गरम पाण्यात बुडवून काढतात आणि मग घासतात, नाहीतर दिवसभर मेहनत करा आणि वाळू खाल्ल्यासारखं लागेल. बांगड्याचे खवले पातळ, मंगलोरी कौलांसारखे एकावर एक चढवलेले, हाताला चिकटून येतात.

कल्ले बघायची पद्धतही बघा. बांगडा घेताना आपण गालावरचं झाकण बोटाने उचलतो, आत लालभडक दिसलं की ताजा, विटकरी दिसलं की पुढच्या कोळणीकडे. हे झाकण हाडाचं असतं, मोरीला ते नाही. तिच्या मानेच्या दोन्ही बाजूंना पाच पाच चिरा असतात, उघड्याच, कुणी ब्लेडने कापल्यासारख्या. त्यामुळे मोरी घेताना झाकण उचलायचा प्रश्न नाही. आई म्हणते, "मोरी ताजी हा की नाय ता वासावरनंच कळता." आणि तो वास हाच या दोन माशांमधला सगळ्यात मोठा फरक आहे, मला विचाराल तर काटे-बिटे त्याच्यापुढे काहीच नाहीत.

वासाकडे जायला मिठावरून जावं लागतं.

काकडीची कोशिंबीर करताना मीठ आधी घातलं तर काय होतं? पाणी सुटतं. मीठ बाहेर जास्त, काकडीच्या आत कमी, त्यामुळे आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. समुद्रातल्या माशाचं तेच होतं, चोवीस तास. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं आणि बांगड्याच्या रक्ताचा खारटपणा त्याच्या जेमतेम एक तृतीयांश, आपल्या रक्ताच्या आसपासचाच. म्हणजे बांगडा ही समुद्रात टाकलेली काकडी आहे. कल्ल्यांतून त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर जात असतं, पाण्यात राहून तहानलेला! मग तो काय करतो तर समुद्राचं पाणीच पितो, घटाघट, आतड्यात पाणी शोषून घेतो आणि सोबत आलेलं जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून परत समुद्रात फेकतो. लघवी अगदी थोडी करतो, पाणी वाया घालवणं परवडतच नाही. या सगळ्याला ताकद लागते, म्हणजे जन्मभर मोटर लावून पाणी भरल्यासारखं आहे हे.

मोरीने हा प्रश्नच वेगळ्या बाजूने सोडवलाय. पाणी बाहेर जातं कारण बाहेर जास्त विरघळलेलं आहे आणि आत कमी, मग आतच काहीतरी विरघळवून ठेवलं तर? मीठ भरलं तर नसा, स्नायू सगळे बिघडतील, म्हणून तिने मिठाऐवजी युरिया भरला. हो, तोच युरिया, जो पोत्यातून शेतात जातो आणि आपल्या लघवीतून बाहेर पडतो. प्रोटीन पचवल्यावर जो नायट्रोजनचा कचरा उरतो तो बांगडा अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडून मोकळा होतो, आपण त्याचा युरिया करून बाथरूममध्ये सोडतो, आणि मोरी त्याचा युरिया करून रक्तात, मांसात साठवून ठेवते. तिच्या रक्तात साधारण २ टक्के युरिया असतो, आपल्यापेक्षा पन्नासपटीहून जास्त, माणसाचा रिपोर्ट असा आला तर डॉक्टर आधी लॅबला फोन करतील. पण मोरीचं त्यामुळे आतबाहेर बरोबर जुळतं, उलट आतलं पारडं किंचित जड, म्हणून थोडंसं पाणी आपसूक आत येतं आणि तिला समुद्र प्यावा लागत नाही. जे थोडंफार मीठ तरीही आत झिरपतं ते आतड्याच्या शेवटाला असलेली एक बोटासारखी ग्रंथी वेगळं काढून टाकते.

आता एवढा युरिया म्हणजे धोका आहेच, कारण तो प्रोटीनची घडी विस्कटतो. त्यावर उतारा म्हणून मोरी अजून एक रसायन अंगात बाळगते, त्याचं लांबलचक नाव ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड, आपण त्याला टीएमएओ म्हणू. हे प्रोटीनला सावरून धरतं. युरिया विस्कटतो, टीएमएओ सावरतं, दोघांचं प्रमाण साधारण दोनास एक असं ठेवलेलं असतं आणि गाडा चालू राहतो. मला हे प्रकरण फार आवडतं, म्हणजे विषही घरचं आणि उताराही घरचाच.

मोरी जिवंत आहे तोवर सगळं ठीक. मेली की बॅक्टेरियांची चंगळ. ते युरिया फोडून अमोनिया करतात, म्हणून शिळ्या मोरीला सार्वजनिक मुतारीचा वास येतो, माफ करा पण दुसरा शब्द नाही, आणि तो वास खरोखर त्याच कारणाने येतो, मुतारीतही युरियाच फुटत असतो. दुसरीकडे टीएमएओचं ट्रायमेथिलअमाइन होतं, तो नेहमीचा 'मासळीचा वास', तो बांगड्यालाही येतो कारण त्याच्याकडेही टीएमएओ थोडं असतंच. अमोनिया काय, ट्रायमेथिलअमाइन काय, दोन्ही अल्कली, आणि अल्कलीला आंबट भेटलं की त्याचं क्षार बनून ते जागच्या जागी बसतं, हवेत उडून नाकापर्यंत येत नाही. आमच्या आज्यांना यातलं रसायन कुणी शिकवलं नव्हतं पण मोरी धुताना कोकमाचं आगळ चोळायचं, गोव्यात मोरीचं आंबट-तिक करायचं, हे सगळं तिथेच जाऊन पोचतं. फक्त एक, आंबटाने वास दबतो, शिळी मोरी ताजी होत नाही. घेतली की लगेच साफ करायची, नीट धुवायची आणि बर्फात.

आता तुम्ही म्हणाल बांगडा बरा मग, वास कमी. थांबा. बांगड्याची खोडी वेगळी आहे आणि ती नाकाला कळत नाही, हे मी स्वतःच्या तोंडावर अनुभवलंय. काही वर्षांपूर्वी हायवेवरच्या एका हॉटेलात फ्राय बांगडा खाल्ला, चव मस्त, जिभेला किंचित चुरचुरलं तर मला वाटलं मिरी जास्त झाली, आणि अर्ध्या तासात चेहरा टोमॅटोसारखा लाल, मानेला खाज, डोकं ठणकतंय, छाती धडधडतेय. मी म्हटलं झालं, आयुष्यभर मासे खाऊन आता ॲलर्जी झाली, म्हणजे संपलंच सगळं. डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं आणि म्हणाले ॲलर्जी नाही, मासा नीट थंड ठेवला नव्हता. बांगडा, सुरमई, टुना हे एकाच कुळातले, यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो, मासा उन्हात किंवा नुसताच पाटीत पडून राहिला की बॅक्टेरिया त्याचं हिस्टमिन करतात, आणि हिस्टमिन म्हणजे ॲलर्जीत आपलं शरीर जे सोडतं तेच. थेट तेच बाहेरून आत गेलं. वाईट भाग हा की एकदा तयार झालं की तळा, उकळा, काहीही करा, ते जात नाही. गोळी घेतल्यावर संध्याकाळपर्यंत उतरलं आणि पुढच्याच आठवड्यात घरी तिरफळं घालून तिखलं केलं, ते नीट पचलं. बर्फाशिवाय ठेवलेला बांगडा मात्र तेव्हापासून घेत नाही, कोळीण मावशी कितीही ओळखीची असली तरी.

हे हिस्टिडिन बांगड्याकडे एवढं का, तर त्याच्या धावपळीमुळे. बांगडा मधून उघडला की दोन्ही बाजूंना त्वचेखाली गडद तांबूस पट्टा दिसतो, तो सतत पोहणाऱ्याचा स्नायू, रक्त आणि तेल जास्त असलेला. आणि जोर लावून पोहताना स्नायूंत जे आम्ल तयार होतं ते पेलायला हिस्टिडिन कामाला येतं. बांगडा थव्याने पोहत राहतो आणि जेवताना तोंडाचा मोठा आ करून पुढे जातो, पाणी तोंडातून कल्ल्यांकडे, आणि मधे कल्ल्यांना लांब कंगव्यासारखे दाते असतात त्यात पाण्यातले बारीक जीव अडकतात. पुढच्या वेळी बांगड्याचं तोंड उघडून आत बघा, पिसांसारखं काहीतरी दिसेल, ती त्याची चाळणी. डोळ्यांवर पुढून मागून चरबीचा पारदर्शक पडदा असतो, गॉगल घातल्यासारखा. मोरी चाळत बसत नाही, ती पकडून खाते, जवळा, कोळंबी, छोटे मासे, गढूळ पाण्यात तळाशी. गढूळ पाण्यात डोळे काय कामाचे, म्हणून तिच्या चपट्या, फावड्यासारख्या नाकाडावर बारीक छिद्रं आहेत, दाबलं की त्यातून पारदर्शक जेली येते. लोरेन्झिनी नावाच्या इटालियन माणसाने १६७८ मध्ये त्यांचं वर्णन करून ठेवलं, पण ती कशासाठी हे कळायला विसावं शतक उजाडलं: दुसऱ्या जिवाच्या स्नायूंतून निघणारी अगदी बारीक वीज मोरीला त्यातून जाणवते. चिखलात लपलेली कोळंबी हलली तरी तिची वीज लपत नाही.

ही जेली मी पहिल्यांदा बीएस्सीला बघितली. झूलॉजीवाल्यांना मोरी म्हणून नाही, स्कोलिओडॉन म्हणून माहीत असते, भारतातल्या कित्येक बॅचेसनी हिच्या मेंदूच्या नसा उघड्या करून मार्क मिळवलेत. २०११ मध्ये यूजीसीच्या गाईडलाइन्स आल्या आणि कॉलेजातली चिरफाड हळूहळू बंद होत गेली, चांगलंच झालं. पण मजा बघा, दिवसा फॉर्मलिनमधली स्कोलिओडॉन बघून नाक मुरडणारे आम्ही कोकणातले चारजण सुट्टीत घरी गेलो की तिच्यावर ताव मारायचो, आणि ती तीच आहे हे मला दुसऱ्या वर्षी आईने मोरी कापताना कळलं.

त्या दिवशी आईने पोट उघडलं तर आत पिल्लं होती. बोटाएवढी, अख्ख्या मोरीसारखी, तसंच फावड्याचं नाक, आणि प्रत्येकाच्या छातीपासून एक बारीक दोरी निघून आईच्या गर्भाशयाला चिकटलेली. नाळ. मी आईकडे बघितलं, आई म्हणाली, "अरे पोटुशी होती रे," आणि जरा वेळ थांबली.

माशाला नाळ हे ऐकूनच विचित्र वाटतं, पण मोरीत ती खरीखुरी असते. हिचं अंडं जेमतेम १ मिलिमीटरचं, आतापर्यंत माहीत असलेल्या शार्कमध्ये सगळ्यात लहान, म्हणजे त्यात पिल्लाला पुरेल असं बलक नसतंच, बहुतेक पोषण आईकडूनच जातं, मोठा भाग नाळेवाटे. पाच-सहा महिने पोटात, आणि बाहेर येतं ते १२ ते १५ सेंटीमीटरचं, पोहणारं, दातवालं. एका खेपेला साधारण डझनभर, कधी १८-२० सुद्धा. आणि बांगडा? बांगडा-बांगडी पाण्यात हजारोंनी अंडी आणि वीर्य सोडतात आणि विषय संपला. अंडी लाटांवर, पिल्लं नशिबावर, त्यातली बहुतेक कुणाच्या तरी पोटात जातात.

इथे माझी भाची बरोबर अडवते. ती म्हणते, नाळ मोरीला आहे, पोटात पिल्लं मोरी वाढवते, मग मोरीच आपल्या जवळची नाही का? नाही, कारण ती नाळ तिने तिच्या घरी स्वतंत्र शोधून काढलीय, आपली आपण. वटवाघळाला पंख आहेत म्हणून ते चिमणीचं भावंडं होत नाही तसंच. सवयी जुळणं वेगळं आणि रक्त जुळणं वेगळं. बांगड्याच्या कवटीतल्या, जबड्यातल्या, खांद्याच्या पट्ट्यातल्या कित्येक हाडांना आपल्या शरीरात त्याच वंशाची जोडीदार हाडं सापडतात, आपल्या खालच्या जबड्याचं हाड त्यातलंच, आणि मोरीकडे त्या जातीचं हाडच नाही.

या जन्म द्यायच्या पद्धतीतून अजून एक गोष्ट निघते. बांगड्याची अंडी घालायची घाई पावसाळ्याच्या आगेमागे असते, त्यामुळे जून-जुलैची मासेमारी बंदी त्याच्या बऱ्यापैकी उपयोगाची. शिवाय तो भराभर वाढतो, वर्षभरात वीसेक सेंटीमीटर होतो, एखादं वर्ष वाईट गेलं तरी समुद्र साथ देईल तेव्हा परत मुसंडी मारतो, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्यांना विचारा, कधी होडी भरून तर कधी आठवडाभर कोरडं. मोरीचं प्रजनन वर्षभर चालू, त्यामुळे पोटुशी मोरी कुठल्याही महिन्यात जाळ्यात येते आणि एक मोरी गेली की सोबत डझनभर गेली. बाकीच्या शार्कच्या मानाने ही लवकर वयात येते, एक-दोन वर्षांत, म्हणून अजून बाजारात दिसते तरी, पण बाजारात दिसणारा आकार बघून मला जरा धास्तीच वाटते. 'पिलू' म्हणून जे कोवळं कोवळं विकतात ते घ्यायचं मी सोडलंय, बाळंतिणीला मोरी चांगली म्हणतात, तिच्यासाठी असेल तरी. आणि बाळंतिणीवरून आठवलं, गरोदर बायकांना शार्क टाळा असा सल्ला अमेरिकेसारख्या देशांत सरकारच देतं, कारण मासे खाणाऱ्या माशात पारा साठत जातो. आपली मोरी छोटी, तिच्यात मोठ्या शार्कइतका साठणार नाही, पण चाळणी लावून बारीक जीव खाणारा बांगडा या बाबतीत सरळसरळ उजवा.

रविवारी शेवटी बांगड्याचं तिखलं झालं आणि मोरीचं मटण. भाचीने मोरीच्या मानेवरच्या चिरा मोजल्या, डावीकडे पाच, उजवीकडे पाच. मग बांगड्याच्या गालावरचं झाकण दोनतीनदा उघडझाप करून बघितलं आणि स्वतःच्या खालच्या जबड्याचं हाड चाचपत बसली.